दूध पचवणारे जनुक वजनही वाढवते का?

भंडारा बसस्थानकाबाहेरच्या टपरीवर सकाळी चहा उकळत असतो, तेव्हा त्यात दूध किती आणि पाणी किती यावर गिऱ्हाइकाचे बोलणे होतेच. अलीकडे त्यात एका नव्या विषयाची भर पडली आहे. दूध बंद केल्यावर तीन किलो उतरले, असे कुणी सांगतो. 'आपल्या लोकांच्या जनुकातच दूध नाही' हा मोबाइलवर आलेला संदेश कुणी वाचून दाखवतो. आता लाळेचा नमुना पाठवून जनुकीय अहवाल मिळतो आणि त्यात दुधाचा आणि वजनाचा असे दोन्ही रकाने असू शकतात. मग दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध असेलच, असे वाचणाऱ्याला वाटते.

हा प्रश्न फक्त वजन कमी करू पाहणाऱ्यांचा नाही. लाखनी किंवा साकोलीकडच्या गावात ज्या घरी एक-दोन म्हशी असतात, तिथले बहुतेक दूध सकाळीच डेअरीच्या कॅनमध्ये जाते. घरात उरते ते चहापुरते आणि लेकरापुरते. 'दुधाने वजन वाढते' किंवा 'आपल्याला दूध सोसत नाही' ही समजूत अशा घरात शिरली, की चहा कमी होत नाही. लेकराची आणि गरोदर सुनेची वाटी मात्र आधी कमी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालील ३६.१ टक्के मुलांचे वजन वयाच्या मानाने कमी आहे. त्याच सर्वेक्षणात राज्यातल्या २३.४ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा स्थूल आढळल्या. एकाच राज्यात, कधी एकाच घरात, दोन्ही टोके आहेत. त्यामुळे दूध आणि जनुक यांच्याबद्दल विज्ञान नेमके काय सांगते, हे नीट पाहिलेले बरे.

हे जनुक करते तरी काय?

दुधातल्या साखरेला लॅक्टोज म्हणतात. ती जशीच्या तशी रक्तात जात नाही. लहान आतड्याच्या अस्तरात तयार होणारे लॅक्टेज नावाचे विकर तिचे ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज असे दोन तुकडे करते, तेव्हाच ती शोषली जाते. हे विकर बनवण्याची कृती आपल्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील 'एलसीटी' या जनुकात लिहिलेली असते. ती प्रत्येकाकडे असते. म्हणून तान्हे बाळ, ते भंडाऱ्यातले असो की नॉर्वेतले, आईचे दूध पचवते.

फरक पडतो तो पुढे. वासरू असो की माणसाचे पोर, अंगावरचे दूध सुटल्यावर हे विकर हळूहळू कमी होत जाणे हाच सस्तन प्राण्यांचा मूळ नियम आहे. जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांमध्ये असेच घडते. उरलेल्यांमध्ये मात्र विकर आयुष्यभर बनत राहते. त्याचे कारण फिनलंडच्या संशोधकांनी २००२ मध्ये शोधले. 'एलसीटी'च्या शेजारच्या 'एमसीएम६' या जनुकात एक कळ आहे. तिथे डीएनएच्या 'सी' या अक्षराच्या जागी 'टी' आले, की लॅक्टेजचे उत्पादन बंद होत नाही. आई किंवा वडील, दोघांपैकी एकाकडून जरी हे 'टी' मिळाले तरी पुरते.

तेव्हा 'दूध न पचणे' हा मुळात आजार नव्हे. ती माणसाची जुनी अवस्था आहे. बदल झाला तो दूध पचवणाऱ्यांमध्ये.

भारतात, आणि झाडीपट्टीत?

भारतातील दोन हजारांहून अधिक लोकांचे डीएनए नमुने तपासून २०१२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. हैदराबादच्या पेशी व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राचे म्हणजे सीसीएमबीचे कुमारसामी थंगराज आणि परदेशी संशोधक त्यात होते. त्यातून दोन गोष्टी पुढे आल्या. भारतीयांमध्ये दूध पचवू देणारा मुख्य बदल युरोपात आढळतो तोच आहे आणि दोन्हीकडे तो एकाच मुळातून आला आहे. दुसरी गोष्ट अशी, की हा बदल वायव्येकडून आग्नेयेकडे जाताना विरळ होत जातो आणि पशुपालक समूहांत मात्र जास्त सापडतो.

त्याआधी, १९८१ मध्ये दिल्लीच्या एम्सच्या डॉक्टरांनी निरोगी माणसांना लॅक्टोज पाजून चाचण्या केल्या होत्या. दिल्लीत २७.४ टक्के लोकांना ते पचले नाही. तिरुवनंतपुरम आणि पुद्दुचेरीत हे प्रमाण ६६.६ टक्के होते. नकाशावर भंडारा या दोन टोकांच्या मध्ये येतो, तोही पूर्वेच्या अंगाला. वैनगंगेच्या या खोऱ्याची ओळख धानाची, मामा तलावांची आणि मासोळीची आहे. पंजाबसारखी दुधा-तुपाची नाही.

गाईगुरांची मात्र आहे. दिवाळीत बलिप्रतिपदेला गावोगाव गायगोधन होते. गोवारी बांधव ढाल घेऊन नाचतात, गाई सजवून मिरवतात. पशुपालकांत हे जनुक जास्त, म्हणून गोवाऱ्यांत ते असणारच, असा निष्कर्ष कुणी काढेल तर घाई होईल. पूर्व विदर्भात गोवाऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या राखली ती बहुतेक मालगुजारांची आणि शेतकऱ्यांची गुरे. गाय राखणारा आणि तिचे दूध पिणारा एकच असतो, असे नाही. जनुकीय बदल पसरतो तो भरपूर दूध पिऊन तगलेल्यांच्या वंशात. जात-प्रमाणपत्रावरून कुणाचे 'सी' आणि कुणाचे 'टी' हे ठरत नाही. एकाच आईच्या दोन लेकरांमध्येही ते वेगळे असू शकते.

वजनाचा संबंध जोडला कुणी?

युरोपातल्या संशोधकांनी. उत्तर आणि पश्चिम युरोपीय वंशाच्या सुमारे ३१ हजार ७०० लोकांची माहिती एकत्र करून २०१० मध्ये एक शोधनिबंध आला. दूध पचवणारे 'टी' ज्यांच्याकडे आहे त्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने काढलेला वजनाचा निर्देशांक, किंचित जास्त असल्याचे त्यात दिसले. पुढे स्पेनमधील अभ्यासांतही तसा कल आढळला. तिथे हा फरक मुख्यतः दूध जास्त घेणाऱ्यांत दिसत होता.

सर्वांत मोठा प्रयत्न २०१८ चा. २५ अभ्यासांतील १ लाख ८४ हजार ८०२ प्रौढांची माहिती त्यात वापरली गेली. कल्पना चतुर होती. 'तुम्ही दूध किती पिता?' असे विचारून वजनाशी सांगड घातली तर घोळ होतो, कारण दूध पिणारे आणि न पिणारे बाकी अनेक बाबतीत वेगळे असतात. शिवाय वजन वाढलेला माणूस स्वतःहून दूध कमी करतो. जनुकाचे तसे नसते. कोणाला 'टी' मिळणार ही गर्भधारणेच्या क्षणी निघालेली सोडत असते. ज्यांना ते मिळाले ते सरासरी थोडे जास्त दुग्धपदार्थ खातात. मग त्या दोन गटांची वजने तपासली, तर दुधाचा खरा परिणाम कळावा, असा हा तर्क.

या पद्धतीने उत्तर आले, की रोजच्या एका जादा भागामागे बीएमआय साधारण ०.६ ने वाढतो. पाच फूट पाच इंच उंचीच्या माणसाच्या बाबतीत याचा अर्थ सुमारे दीड किलो. पण हा हिशेब रोजच्या आख्ख्या एका जादा भागाचा आहे. जनुकामुळे पडणारा फरक एवढा नसतो. 'टी' असलेला माणूस सरासरी एका भागाचाही छोटा अंशच जास्त खातो. म्हणजे नुसत्या जनुकाच्या वाट्याला येते ते काहीशे ग्रॅम. सकाळी आणि संध्याकाळी वजन केले तरी काट्यात याहून जास्त फरक दिसतो.

उंचीची ती फसगत

आणि तेवढे वजनही जनुकाचेच आहे, हे कशावरून? याच जनुकाने एकदा शास्त्रज्ञांना चांगलेच चकवले होते. २००५ मध्ये अमेरिकेतील युरोपीय वंशाच्या उंच आणि बुटक्या लोकांची जनुके तपासली गेली, तेव्हा लॅक्टेजच्या 'टी'चा उंचीशी पक्का संबंध दिसला. मग त्याच संशोधकांनी प्रत्येकाचे आजी-आजोबा युरोपच्या कोणत्या भागातून आले हे पाहून गट पुन्हा जुळवले. संबंध जवळजवळ नाहीसा झाला. उत्तर युरोपातले लोक सरासरीने उंचही असतात आणि त्यांच्यात हे 'टी'ही जास्त असते, एवढीच गोष्ट होती. जनुकाने उंची वाढवली नव्हती. दोन्ही एकाच गावाहून आलेले सोबती होते.

हेच भारताला लावून पाहावे. पंजाबमध्ये २०१९-२१ च्या सर्वेक्षणात ४०.८ टक्के स्त्रिया जादा वजनाच्या किंवा स्थूल निघाल्या, महाराष्ट्रात २३.४ टक्के. पंजाबात दरडोई दुधाची उपलब्धता दिवसाला लिटरभराहून जास्त आहे. दूध पचवणारे 'टी'ही वायव्येकडेच जास्त. एवढे तीन आकडे शेजारी मांडले, की 'जनुकामुळे दूध, दुधामुळे वजन' ही साखळी कुणीही जुळवेल. पण पंजाबात ट्रॅक्टरही जास्त आहेत, उत्पन्नही जास्त आहे, पराठ्यावरचे लोणीही जास्त आहे. यातला एकटा धागा ओढून तोच दोषी ठरवायचा, तर आधी बाकीचे सोडवावे लागतात. भारतीयांवर असे मोठ्या प्रमाणावर काम झाल्याशिवाय युरोपचा आकडा उचलून लाखांदूरच्या माणसाला लावणे बरोबर नाही.

ब्रिटनमधून २०२२ मध्ये आलेल्या निष्कर्षाने तर तर्काचा पायाच हलवला. तिथल्या बायोबँकेतील सुमारे पाच लाख लोकांची माहिती पाहिली, तेव्हा दूध पचवणारे आणि न पचवणारे यांच्या दूध पिण्यात फारसा फरकच आढळला नाही. विकर नसलेली मंडळीही आरामात चहा-दूध घेत होती. आरोग्याच्या निर्देशांकांतही दोन गटांत ठळक, सातत्याचा फरक नव्हता.

एका ग्लासाचा हिशेब

मोठे अभ्यास बाजूला ठेवून साधा ग्लास घेतला तरी बरेच कळते.

म्हशीच्या २५० मिलिलिटर दुधात साधारण २६० किलोकॅलरी असतात. त्यात लॅक्टोज असते १२ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ४८ किलोकॅलरी. बाकीची ऊर्जा स्निग्धांश आणि प्रथिनांची. ती पचवायला लॅक्टेज लागत नाही. 'टी' असो वा नसो, साय सगळ्यांनाच पचते.

आता समजा लॅक्टोज अजिबात पचले नाही. तरी ते सगळे वाया जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू ते आंबवतात. त्यातून वायू तयार होतो, म्हणूनच पोट गुरगुरते आणि फुगते. पण त्याच वेळी काही आम्लेही तयार होतात आणि ती शरीर शोषून घेते. त्यातून साधारण निम्मी ऊर्जा परत मिळते. म्हणजे न पचवणाऱ्याचे नुकसान झाले फार तर २४-२५ किलोकॅलरींचे. दोन चमचे साखरेत त्याहून जास्त, सुमारे ४० किलोकॅलरी असतात.

टपरीवरच्या कपात दूध असते जेमतेम अर्धा कप, बहुतेकदा त्याहूनही कमी. दिवसातून चार चहा आणि प्रत्येकात दोन चमचे साखर घेणाऱ्याच्या पोटात साखरेच्याच १६० किलोकॅलरी जातात. जोडीला टोस्ट, पारले-जी किंवा आलुपोंगा आला तर विचारूच नये. दूध सोडल्यावर तीन किलो उतरलेल्या माणसाने दुधाबरोबर आणखी काय सोडले, हे त्याला विचारून पाहावे. चहा सुटला की साखर सुटते, बिस्किटे सुटतात, रात्रीचे साखर घातलेले दूध सुटते. श्रेय मात्र जनुकाला मिळते.

गाय आणि म्हैस यांतला फरकही जनुकाच्या फरकाहून मोठा आहे. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात ७० च्या आसपास किलोकॅलरी, म्हशीच्या दुधात शंभराहून थोड्या जास्त. साय काढली तर दोन्ही उतरतात.

न पचवणाऱ्यांना उलट फायदा?

या विषयात सर्वांत अनपेक्षित बातमी २०२४ ची आहे. अमेरिकेतील लॅटिन वंशाच्या १२ हजार ६५३ प्रौढांवरील अभ्यासात, ज्यांच्याकडे दूध पचवणारे 'टी' नाही त्यांच्यात रोज एक भाग दूध जास्त घेण्याशी टाइप-२ मधुमेहाचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी असण्याचा संबंध दिसला. पचवणाऱ्यांमध्ये तसा संबंध आढळला नाही. ब्रिटनच्या बायोबँकेतही हाच कल होता. संशोधकांचे म्हणणे असे, की न पचलेले लॅक्टोज मोठ्या आतड्यात जाऊन बिफिडोबॅक्टेरियमसारख्या उपयोगी जिवाणूंचे खाद्य बनत असावे.

हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे; मधुमेहींनी त्यावरून ग्लास भरायला घेऊ नयेत. पण 'जनुक नाही, म्हणजे दूध आपल्यासाठी विष' हे वाक्य यापुढे तेवढ्या ठामपणे कुणाला म्हणता येणार नाही.

पुण्याजवळची सहा गावे

महाराष्ट्रात दूध आणि वजन यांचा सर्वांत जवळचा अभ्यास झाला तो तराजूच्या दुसऱ्या टोकाला: जन्मणाऱ्या बाळांवर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. डॉ. शोभा राव यांच्या नेतृत्वाखाली आहाराचे विश्लेषण २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. आईने एकूण किती कॅलरी किंवा किती प्रथिने खाल्ली, याचा बाळाच्या आकाराशी संबंध लागला नाही. लागला तो तीन साध्या गोष्टींशी: हिरवा भाजीपाला, फळे आणि दूध. गरोदरपणाच्या अठराव्या आठवड्याच्या सुमारास ज्या आयांच्या आहारात दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे मोठी होती. तिथल्या आयांचे दूध पिणे युरोपच्या मानाने फारच थोडे होते, तरी फरक दिसला.

याच संशोधनातून भारतीय शरीराचे एक वैशिष्ट्य पुढे आले. पुण्याकडची बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. पण वजनात एवढी तफावत असून त्वचेखालची चरबी पुण्याच्या बाळांनी बरीच टिकवून ठेवली होती. कमी होते ते स्नायू आणि अवयव. मोठेपणीही हेच. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. चरबी मोजली तेव्हा युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के भरली.

म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला तरी सावध व्हावे, असे डॉक्टर सांगतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. युरोपच्या अभ्यासांतला 'बीएमआय ०.६ ने वाढला' हा आकडा इथे वाचताना तो वाढलेला भाग स्नायूचा की पोटावरच्या चरबीचा, हा प्रश्न आधी विचारावा लागतो. कुपोषित मुलाच्या बाबतीत तर तो वाढावा म्हणूनच सारा खटाटोप असतो.

वजनावर ज्याचा परिणाम वारंवार सिद्ध झाला आहे, असे जनुक वेगळेच आहे: 'एफटीओ'. ते २००७ मध्ये सापडले. युरोपीय लोकांत त्याच्या दोन्ही प्रती जोखमीच्या असतील तर वजन सरासरी तीन किलोने जास्त भरते. पुणे आणि म्हैसूरच्या लोकांतही त्याचा अभ्यास झाला आहे. त्याचा दुधाशी काही संबंध नाही; भूक आणि खाण्याचे प्रमाण यांच्याशी आहे.

पोट बिघडत असेल तर

दूध प्यायल्यावर अर्ध्या ते दोन तासांत पोट फुगणे, कळ येणे, पातळ शौचास होणे असे वारंवार होत असेल, तर लॅक्टोज न पचण्याची शक्यता असते. त्यातही बहुतेकांना एका वेळी एक कप दूध, म्हणजे १२ ग्रॅमच्या आसपास लॅक्टोज, जेवणासोबत घेतल्यास विशेष त्रास होत नाही. उपाशीपोटी मोठा ग्लास रिचवला तर होतो.

दह्यात विरजणाचे जिवाणू लॅक्टोजचा काही भाग आधीच खाऊन टाकतात आणि पोटात गेल्यावर उरलेले पचवायलाही मदत करतात. त्यामुळे दही आणि मठ्ठा अनेकांना सोसतो. पनीर करताना बरेचसे लॅक्टोज निवळीबरोबर निघून जाते, तुपात ते जवळजवळ नसते. खवा मात्र उलटा: दूध आटवल्याने लॅक्टोजही दाट होते, म्हणून दूध चालणाऱ्याचे पोटही पेढ्यांच्या खोक्याने बिघडू शकते. दुधाच्या पावडरीचेही तसेच.

निदानासाठी श्वासातील हायड्रोजन मोजण्याची चाचणी असते. ती नागपूरसारख्या शहरांतील पोटविकारतज्ज्ञांना विचारून करावी. जनुकीय चाचणीत 'सी-सी' आले तर एवढेच कळते, की मोठेपणी विकर कमी होण्याकडे शरीराचा कल आहे. त्रास होतोच आहे, हे त्यावरून ठरत नाही. वजनाचा अंदाज त्यावरून बांधणारा अहवाल आला, तर तो रकाना सोडून द्यावा.

लहान मुलांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट अनेकदा निसटते. जोराची हगवण लागून गेल्यावर आतड्याचे अस्तर सोलवटलेले असते आणि विकर तात्पुरते कमी होते. तेवढे दिवस वरच्या दुधाने जुलाब वाढू शकतात. अस्तर भरून आले की काही आठवड्यांत ते पुन्हा पचू लागते. त्या एका अनुभवावरून 'याला दूध चालत नाही' असा शिक्का मारून ते कायमचे बंद केले जाते. अशा वेळी आईचे दूध थांबवू नये आणि वरचे दूध कधी सुरू करायचे हे आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना विचारून घ्यावे. राष्ट्रीय पोषण संस्था प्रौढांच्या रोजच्या ताटात दूध किंवा दही मिळून ३०० मिलिलिटर धरते. डेअरीच्या कॅनमध्ये दूध ओतण्याआधी घरातल्या किती जणांच्या वाट्याला तेवढे येते, हे मोजायला कोणतीही चाचणी लागत नाही. घरातले मापटे पुरेसे आहे.